मनगट ते धारवाड

हुबळी आणि धारवाड मिळून जेवढी माणसं राहतात, त्यांत पत्ता न विचारता कुठंही पोचता येतं असं मानणारे गृहस्थ एकच होते, आणि ते आमच्या अक्काच्या वाट्याला आले. ते वेळेवर कुठंच पोचले नाहीत. बऱ्याचदा पोचले ते भलतीकडंच. तरीही रस्त्यात थांबून वाट विचारणं हा त्यांना स्वतःच्या बुद्धीचा अपमान वाटे, आणि त्यांना कुणी वाट विचारली तर तो विचारणाऱ्याच्या बुद्धीचा.

आमच्याकडं मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला दाजी म्हणतात. आमचं कापडाचं दुकान दाजीबानपेठेत होतं. त्या नावाशी ह्यांचा काही संबंध नाही. उलट ह्यांना त्या पेठेत शक्यतो येऊ देऊ नये असं आमच्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं, मत होतं. त्याची कारणं पुढं येतील. दाजी धारवाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. गर्भात मेंदू तयार होत असतो तेव्हा डोळ्यातून असंख्य तंतू निघतात आणि प्रत्येक तंतू मेंदूतल्या आपल्या ठरलेल्या जागी जातो. शेजारच्या जागी नाही, त्याच जागी. त्याला वाट कोण सांगतं, हा प्रश्न दाजींना विशीत पडला आणि पुढची चाळीस वर्षं त्यांनी तो भेटेल त्याच्या अंगावर टाकला. उत्तरही त्यांच्याजवळ तयार असे. नकाशा कुणाजवळच नसतो. तंतूच्या टोकाला एक पंजा असतो, तो पुढं चाचपत जातो. वाटेतल्या पेशींच्या अंगावर रसायनांच्या खुणा असतात. खूण पटली की पुढचं पाऊल. हे सांगताना ते आपली पाच बोटं पसरून जवळच्या माणसाच्या मनगटापासून कोपरापर्यंत चालवत नेत. हुबळी-धारवाड बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा नेहमी रिकामी असे, याचं कारण तेच होतं.

अक्काचं लग्न ठरलं १९५६च्या उन्हाळ्यात आणि लागलं तुळशीच्या लग्नानंतर. मधल्या काळात सरकारनं नकाशा बदलला, त्यामुळं ते मुंबई राज्यात ठरलं आणि म्हैसूर राज्यात लागलं. पेठेतले मराठी लोक तेव्हा दुसरं काही बोलत नव्हते. नवरदेवाचं म्हणणं एवढंच की, "नकाशा बदलला म्हणून काय झालं? नकाशा बघून चालतंय कोण?" हे वाक्य बाणेदार म्हणून आम्हांला आवडलं. ते शब्दशः घ्यायचं असतं हे लग्नाच्या दिवशी कळलं. वऱ्हाड धारवाडहून रेल्वेनं आलं. स्टेशनबाहेर दाजी मंडळींपासून सुटले आणि सनईच्या आवाजावर, केशरी भाताच्या वासावर एकटेच चालत निघाले. त्या दिवशी आमच्या गल्लीत दोन मांडव होते. दाजी पहिल्यात शिरले. तिथं त्यांना सरबत मिळालं, अत्तर लावलं गेलं, आणि पाऊण तास ते मुंडावळ्या सावरत बसून राहिले. मग त्या घरचा नवरदेव आला. "आमची थोडी चर्चा झाली," एवढंच दाजी पुढं त्याविषयी सांगत. आमच्या मांडवात अण्णा हातात घड्याळ धरून उभे होते.

"जावईबापू, होता कुठं?"

"पहिल्या थांब्यावर चूक झाली. वाढत्या तंतूचीही होते. पण चुकलेला तंतू मागं घेतला जातो."

"घेतला जातो की हाकलला जातो?" अण्णांनी विचारलं.

दाजींनी उत्तर दिलं नाही, कारण भटजींनी अंतरपाट धरला होता.

लग्नानंतर दाजींनी हेच शास्त्र पाहुण्यांना लावलं. सोलापूरचे एक नातेवाईक त्यांच्याकडं पहिल्यांदा यायचे होते. दाजींनी त्यांना कार्ड टाकलं. मजकूर असा: हुबळीला बेळगावकडं जाणारी बस धरा. पाट्या वाचू नका. मिरचीचा ठसका लागला की अमरगोळचं यार्ड आलं, उतरू नका. पुढं खव्याचा करपट गोड वास आला की उतरा आणि तो वास कमी होत जाईल तिकडं चाला. डोळे चुरचुरले की आमचं कॉलेज, तिथं बेडूक ठेवायचं औषध असतं. कार्डावर घराचा नंबर नव्हता. पाहुण्यांना पडसं होतं. ते धारवाड ओलांडून कित्तूरला उतरले आणि तिथून रागारागानं सोलापूरला परत गेले. दाजींना वाईट वाटलं, पण शास्त्राला धक्का लागला नाही. "खुणा बरोबर होत्या," ते म्हणाले. "पंजा बधिर होता."

तंतू निघताना बघायचे तर कोंबडीचं अंडं सोयीचं. तिसऱ्या दिवशी आत धावपळ सुरू होते. आमच्या घरात अंडं शिजत नसे. अक्काच्या सासरीही शिजत नसे, पण उबवलं जाई. आमच्याच दुकानातलं एक लाकडी खोकं, त्यात विजेचा दिवा, दिव्यापाशी थर्मामीटर आणि भोवती दोन डझन अंडी, असं ते यंत्र स्वयंपाकघरात चुलीच्या शेजारी असे. "मला ताप आला तर मोजायची सोय नाही," अक्का सांगे, "थर्मामीटर अंड्यांना लागतो." अंडी सजीव हवीत म्हणून दाजी बाजारात फार चौकशी करत. कोंबड्या कुठं राहतात, कोंबडा सोबत असतो का, किती वयाचा आहे, स्वभाव कसा आहे. एकदा अंडीवाली बाई टोपली झाकून म्हणाली, "यजमानरे, अंडी घेणार की सोयरीक जुळवणार, ते एकदा सांगा."

एका संध्याकाळी आम्ही सगळे तिकडं जेवायला गेलो होतो आणि दिवे गेले. दाजी अंधारातून खोकं घेऊन आले आणि प्रत्येकाच्या हातात दोन-दोन अंडी देत सुटले. "पोटाशी धरा. बोलत राहा, पण हलू नका." अण्णांनी जन्मात अंड्याला हात लावला नव्हता. जावयाचं घर, पानं वाढलेली, आणि हातात आधीच ठेवलेलं. नाही म्हणायला जागा उरली नाही. दीड तास अण्णा भिंतीला टेकून, धोतराच्या ओच्यात दोन अंडी घेऊन, एक शब्द न बोलता बसले. दिवे आल्यावर त्यांनी अंडी परत केली, आंघोळ केली, आणि अक्काला बाजूला घेऊन विचारलं, "घरी परत यायचं का?"

"कशी येऊ?" अक्का म्हणाली. "दिवसातून तीनदा फिरवावी लागतात."

तरी अण्णांचा खरा राग वेगळ्या कारणानं होता. मेंदूचे पातळ काप चांदीच्या एका क्षारात ठेवले की तंतू काळे होऊन दिसतात. बोटंही काळी होतात. त्यात विशेष असा की डाग लगेच दिसत नाही. ऊन लागलं की उमटतो. लग्नानंतर थोड्याच दिवसांत दाजी एकदा प्रयोगशाळेतून थेट दुकानात आले आणि पांढऱ्या धोतरांच्या थप्पीवर हात ठेवून तंतूंविषयी बोलत उभे राहिले. त्या थप्पीतलं वरचं धोतर एका वकिलांनी नेलं. ते दुसऱ्या दिवशी नेसून कोर्टात गेले आणि उन्हातून परत येईपर्यंत त्यांच्या मांडीवर पाच बोटं स्पष्ट उमटली होती. वकील धोतर घेऊन आले, सोबत आवाजही घेऊन आले. त्या दिवसापासून दाजी उंबऱ्यात दिसले की अण्णा वर न बघता म्हणत, "जावईबापू, इथं नको. तिथंही नको. तिकडं. हात मागं." आणि दाजी पुढची चौदा वर्षं आमच्या दुकानात अटक झालेल्या माणसासारखे हात मागं बांधून उभे राहात.

कॉलेजात त्यांचा मान होता असं म्हणता येणार नाही. त्यांच्याजवळ एक बेडूक होता. त्याच्या डोळ्याची नस तोडून डोळा उलटा फिरवून बसवला होता. बेडकाची नस पुन्हा वाढते. ती वाढली, आणि प्रत्येक तंतू मेंदूतल्या आपल्या जुन्याच जागी जाऊन बसला. डोळा उलटा असल्यामुळं बेडकाला जग उलटं झालं. माशी वर धरली की तो जीभ खाली मातीत मारी. असा प्रयोग परदेशात आधीच झालेला होता. दाजींनी तो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा म्हणून पुन्हा केला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते बेडूक दाखवत आणि म्हणत, "बघा, तंतूला घर बरोबर आठवतं. चुकलंय ते जग." बेडूक पुढं कधी शिकला नाही. दाजी त्याला रोज सकाळ-संध्याकाळ चिमट्यानं भरवत. प्राचार्य एकदा म्हणाले, "मास्तर, तुम्ही आणि तो एकाच शाळेत शिकलात काय?" दाजींच्या हाताखाली शिकलेल्यांचे विद्यार्थी पुढं त्यांचे वरिष्ठ झाले, पण दाजींचा प्रबंध लिहून झाला नाही. मी तोवर बेळगावच्या एका मराठी दैनिकाचा हुबळीचा वार्ताहर झालो होतो. मी त्यांना म्हटलं, आमची बातमी रोज चारच्या आत जाते. ते म्हणाले, "शेवटचा तंतू पोचलेला बघितल्याशिवाय पोचले असं कसं लिहू? तुझी बातमी खोटी निघाली तर तू काय करतोस?"

"खुलासा छापतो."

"तुमचं बरं आहे," दाजी म्हणाले.

लग्नाला चौदा वर्षं झाली त्या साली, होळीच्या सुमारास, दुकानातल्या कपाटाची काच फुटली आणि अण्णांचं उजवं मनगट आडवं कापलं गेलं. डॉक्टरांनी शिरा जोडल्या, तुटलेला मज्जातंतूही शिवला. बोटं वळू लागली. पण अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांना काही कळेनासं झालं. अपघाताच्या दिवशी दवाखान्यात नातेवाईक काळजीनं उभे असताना दाजी आत आले. त्यांनी पहिला प्रश्न डॉक्टरांना विचारला.

"कुठं तुटला?"

"मनगटात."

"उत्तम!"

अक्कानं कपाळाला हात लावला. दाजींनी तोवर खिशातून टेप काढून सासऱ्यांचा हात मोजायला घेतला होता. "अठरा सेंटिमीटर. रोजचा एक मिलिमीटर. पहिला महिना तयारीचा. म्हणजे दिवाळीला तर्जनीच्या टोकाला."

"मला इंचात सांगा," अण्णा कण्हत म्हणाले.

"इंचात तंतू चालत नाहीत."

या बोटांवर काय अवलंबून होतं ते सांगायला हवं. इळकलचे विणकर लुगडी घेऊन येत तेव्हा अण्णा कापडाकडं बघत नसत. बघायचं काम गिऱ्हाइकाचं, असं ते म्हणत. पदराचा कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरायचा, तोंड रस्त्याकडं करायचं, एकदाच चोळायचं आणि रेशीम किती खरं ते सांगायचं. त्यांनी सांगितलं की विणकर वाद घालत नसत. पेठेतले इतर दुकानदारही अडलेला माल त्यांच्या बोटांखाली घालून घेत. अपघातानंतर दोन महिन्यांनी एक जुना विणकर आला. अण्णांनी सवयीनं तोंड रस्त्याकडं केलं, पदर चोळला आणि म्हणाले, "चांगलं आहे. खरं आहे." विणकर बराच वेळ घडी करत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "अण्णावरे, हे नकलीच आहे. स्वस्तातलं दाखवायला आणलं होतं." अण्णांनी त्या दिवशी दुपारीच दुकान बंद केलं. घरी येऊन म्हणाले, "जावई म्हणतोय दिवाळी, तर दिवाळीपर्यंत बघतो. नाही आलं तर गादी सोडली. बोटं नाहीत तर तिथं बसून काय करू, माशा मोजू?" मी दुकानात बसणाऱ्यातला नव्हतो. अण्णा उठले की दुकान उठणार होतं, हे घरात सगळ्यांना कळलं.

दाजी दर रविवारी दुकानात येऊ लागले. रविवारी गिऱ्हाईक नसे, अर्धी फळी उघडी असे. ते अण्णांचा हात आपल्या काळ्या हातात घेत आणि पेन्सिलीच्या टोकानं बोटाच्या शेंड्यापासून मागं मनगटाकडं टिचक्या मारत येत. तंतूचं टोक जिथवर पोचलं असेल तिथं टिचकी बसली की बोटात मुंग्या येतात. तेवढ्या जागी दाजी त्याच चांदीच्या पाण्याचा एक ठिपका देत. उन्हात तो काळा होई आणि दोन रविवार टिके. मनगट म्हणजे हुबळी, तर्जनीचं टोक म्हणजे धारवाड, मध्ये उणकल, अमरगोळ आणि नवलूर, अशी रेल्वेची स्टेशनं त्यांनी अण्णांच्या तळहातावर बसवली. "हा माणूस माझ्या हातावर रूळ टाकतोय," अण्णा तक्रार करत, पण हात काढून घेत नसत. आषाढात उणकल गेलं. श्रावणात गाडी अमरगोळला तीन आठवडे अडकली. समोरचा दुकानदार रोज फळी उघडताना ओरडे, "अण्णा, अमरगोळ बंतेनरी? आलं का?" आणि अण्णा तळहात दाखवून ओरडत, "अजून नाही! यार्डात मिरच्या उतरवतायत!" पेठेत ज्याला मज्जातंतू म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं त्यालाही गाडी कुठं आहे ते ठाऊक असे. गणपतीनंतर नवलूर आलं. दिवाळीला आठ दिवस असताना टिचकी तर्जनीच्या शेंड्यावर बसली आणि अण्णा ओरडले, "धारवाड!" समोरच्या दुकानदारानं पेढे आणले. दाजींचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतर तसा पाहिला नाही. चौदा वर्षं जो माणूस हात मागं बांधून होता, तो गादीवर बसून दोन्ही हातांनी पेढे खात होता.

परीक्षा पुढच्या रविवारी झाली. अक्कानं उपरण्यानं अण्णांचे डोळे बांधले. दाजींनी पेन्सिल अंगठ्याला टेकवली.

"कुठं?"

"मधलं बोट," अण्णा म्हणाले.

दाजींनी तर्जनीला टेकवली. "अंगठा. नाही, दोन्हीकडं." मधल्या बोटाला टेकवली. "अंगठा." मग रेशीम दिलं, मलमल दिलं, खण दिला. अण्णा म्हणाले, सगळं गोणपाट आहे, आणि गोणपाटाला मुंग्या लागल्यात. दाजींनी सगळं पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. उत्तरं तीच आली. त्यांनी अण्णांचे डोळे सोडले, टोपी घातली आणि जेवायला न थांबता निघाले. भर पेठेतून जाताना त्यांचे हात मागं होते.

दिवाळी आली आणि गेली. दाजी पुढचा रविवार आले नाहीत. त्याच्या पुढचाही आले नाहीत. घरात थोडी चेष्टा झाली. चौदा वर्षं ऐकून घेतलेल्यांना तेवढा हक्क होता, आणि मीही तो बजावला. गादी सोडण्याचं अण्णांनी काढलं नाही, पण दुकान उघडायला उशीर होऊ लागला. तिसऱ्या शनिवारी ते मला म्हणाले, "धारवाडला जाऊन ये. त्यांना सांग, बेडूक उपाशी आहे."

दाजी कॉलेजात रिकाम्या बरणीसमोर बसले होते. बेडूक कधीच मेला होता, बरणी मात्र त्यांनी ठेवली होती. "ये, वार्ताहर," ते म्हणाले. "खुलासा छापायचा आहे. गर्भात खुणा ताज्या असतात आणि वाटा हातभर लांब नसतात. साठीच्या माणसाच्या हातात पाट्या पुसलेल्या. नुसत्या रिकाम्या नळ्या. जो ज्या नळीत शिरला तो तिकडं गेला. हे मला माहीत असायला हवं होतं. सगळे तंतू दुसऱ्याच्या मांडवात जाऊन बसलेत रे." मी निरोप सांगितला. त्यांनी बरणीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "बेडकाचा मेंदू हट्टी असतो. जन्मभर माती चाटली, पण जीभ वळवली नाही. तुझ्या वडिलांचा मेंदू बेडकापेक्षा बरा आहे."

"हे त्यांना सांगू?"

"नको. त्यांना ते कौतुक वाटणार नाही."

रविवारी ते पिशवी घेऊन आले. कोप्पीकर रोडवरच्या शिंप्यांकडून त्यांनी कापडाच्या चिंध्या गोळा केल्या होत्या. तंतू चुकले ते चुकले, आता त्यांना हलवता येणार नाही. तेव्हा मेंदूनंच नवे पत्ते पाठ करायचे, असा त्यांचा बेत होता. ज्यांनी जन्मभर पत्त्याचा तिरस्कार केला त्यांनी हे सुचवावं याकडं अक्कानं सर्वांचं लक्ष वेधलं. पद्धत अशी: डोळे उघडे ठेवून चिंधी चोळायची, मोठ्यानं नाव घ्यायचं, डोळे मिटून तीच पुन्हा चोळायची, पुन्हा नाव घ्यायचं. रोज सकाळी तासभर. "रेशीम. रेशीम. खादी. खादी." रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटे, दुकानात बाराखडी चाललीय.

"आता कुठं लागलं?"

"मधल्या बोटात."

"डोळे उघडा. कुठं आहे?"

"अंगठ्यात."

"मग मधलं बोट बोललं की अंगठा समजायचं."

"म्हणजे शेजाऱ्याचं दार वाजलं की आपण उठायचं. असंच ना?"

"असंच."

"चांगलं शास्त्र आहे," अण्णा म्हणाले आणि पुढची चिंधी घेतली.

याला वर्ष लागलं, वर आणखी काही महिने. मधल्या काळात अण्णांनी दाजींना जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या त्यांनी आयुष्यभरात गिऱ्हाइकांना दिल्या नसतील. चिंध्या फेकल्या, पुन्हा उचलल्या. मग दुसऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला तोच विणकर आला. तो रविवार होता, त्यामुळं दाजी कोपऱ्यात उभे होते. विणकर लुगडं उलगडायला कचरत होता. अण्णांनीच हात पुढं केला, पदराचा कोपरा धरला आणि तोंड रस्त्याकडं केलं. पूर्वी ते एकदा चोळत. या वेळी त्यांनी चार वेळा चोळलं. समोरचा दुकानदार फळी धरून थांबला होता.

"पदर खरा," अण्णा म्हणाले. "काठात मात्र सूत घातलंयस."

"हौदु, अण्णावरे," विणकर म्हणाला आणि हसला. घातलं होतं.

अण्णांनी लुगडं खाली ठेवलं आणि मागं न बघता म्हणाले, "जावईबापू, ते पांढऱ्या धोतरांतलं वरचं जरा इकडं द्या." दाजींनी बोटं सदऱ्याला पुसली आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून धोतर दिलं. दुसऱ्या दिवशी त्यावर दोन काळे ठिपके उमटले. ते धोतर अण्णांनी विकायला ठेवलं नाही. बरीच वर्षं ते त्यांच्या नेसण्यात होतं.

दाजी निवृत्त झाले ते ज्या जागेवर लागले त्याच जागेवरून. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाल्यावर त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं परदेशातून कागद पाठवले. तंतूंना वाट दाखवणारी रसायनं सापडली होती. दाजींना वाटे तशी ओढून घेणारी काही होती, पण डोळ्याच्या तंतूंना मेंदूत जागा दाखवण्याचं बरंच काम दूर ढकलणाऱ्यांकडं होतं. "इथं नको, तिथंही नको, असं ऐकत ऐकत तंतू आपल्या जागी जातो," दाजींनी मला वाचून दाखवलं आणि चष्मा काढला. "घेतला जातो की हाकलला जातो, हे तुझ्या वडिलांनी मांडवातच विचारलं होतं. मी उत्तर दिलं नव्हतं."

ते गेल्यावर अक्कानं त्यांच्या वह्या मला बघायला दिल्या. अंड्यांच्या, बेडकांच्या, सगळ्या अर्ध्यावर सुटलेल्या. शेवटपर्यंत लिहिलेली वही एकच निघाली. तिच्यावर 'उजवा हात' असं नाव आहे. तिच्यात पहिल्या टिचकीपासूनचा प्रत्येक रविवार आहे, दाजींचं म्हणणं खोटं ठरलं तो रविवारही पूर्ण लिहिलेला आहे, आणि न आलेले दोन रविवार कोरे सोडले आहेत. अण्णांचा हात कामाला लागल्यावर वही संपायला हवी होती. ती संपत नाही. अण्णा त्यानंतर नऊ वर्षं जगले, आणि त्या नऊ वर्षांतल्या रविवारांपुढं एकच नोंद आहे: 'धारवाड. ठीक.'

दाजी वेळेवर कुठंच पोचले नाहीत, असं मी सुरुवातीला लिहिलं आहे. त्याचा खुलासा करायला हवा. वहीत प्रत्येक नोंदीपुढं वेळ लिहिलेली आहे, आणि ती प्रत्येक वेळी सकाळी दहाची आहे. धारवाडहून निघून, बस बदलून, पेठेत चालत येऊन, दहा. मी तारखा ताडून पाहिल्या. अण्णा गेले त्यानंतरचेही तीन रविवार वहीत आहेत. तिन्हींपुढं अक्षर तेच आहे, वेळही तीच आहे.

'सकाळी दहा. फळी बंद. तपासणी नाही.'